किलिमांजारो, सहा लाखांचं टार्गेट आणि कलम अकरा

आधी काय विकत घेतलं ते सांगते. मुंबईतल्या एका ट्रेकिंग कंपनीची 'चॅरिटी ट्रेक' नावाची योजना आहे. आपण ओळखीपाळखीच्या लोकांकडून देणग्या जमवायच्या, त्या एका संस्थेला जायच्या, आणि आपण कंपनीबरोबर टांझानियात जाऊन किलिमांजारो हा आफ्रिकेतला सगळ्यात उंच डोंगर चढून यायचा. मी फेब्रुवारी २०२५मध्ये जाऊन आले. डोंगरावरच्या व्यवस्थेला पाचपैकी साडेचार देते. मुंबईतल्या पैशांच्या कारभाराला दोन, आणि तेही अशासाठी की मागितलेला प्रत्येक कागद शेवटी का होईना त्यांनी दिला. कंपनीचं नाव लिहीत नाही. जवळपास असाच करार मी नंतर आणखी दोन कंपन्यांकडे पाहिला, त्यामुळे एकाला झोडपून दुसऱ्याच्या दारात गिऱ्हाईक नेऊन सोडण्यात अर्थ नाही.

माझं वय ५१. एका सहकारी बँकेत इंटर्नल ऑडिटला आहे. राहते परळ गावात. टाटा हॉस्पिटल आमच्यापासून चालत दहा मिनिटांवर. बिहार, बंगाल, उत्तर प्रदेश, कुठून कुठून लोक येतात. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा तसलीच एखादी जागा मिळाली तर नशीब, नाहीतर समोरचा फुटपाथ. पेशंटची फाईल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून उशाखाली घेऊन झोपतात. कपड्यांची बॅग चोरीला गेली तरी चालेल, फाईल नाही. लग्न होऊन इथे आले तेव्हापासून हे पाहतेय. कॅन्सरच्या लहान पेशंटना आणि त्यांच्या आईवडिलांना खोली आणि शिधा देणारी एक छोटी संस्था आमच्याच भागात आहे. २०२३ साली त्यांच्यासाठी मी ऑफिसात आणि सोसायटीत एक साधं पत्र फिरवलं होतं. जमले २३,००० रुपये. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ऑगस्ट २०२४मध्ये एका रविवारी दादरला कंपनीचं माहितीसत्र होतं. संस्था आपण सुचवायची, कागदपत्रं नीट असली तर ते तिला योजनेत घेतात. पडद्यावर सूर्योदयाचे फोटो, हातात चहा-बिस्किट. बोलणारा मुलगा तरुण, उत्साही आणि प्रामाणिकही वाटला. योजना अशी: नोंदणी २०,००० रुपये, परत न मिळणारे. देणग्यांचं टार्गेट ६,००,०००. तेवढे जमवलेत तर ट्रेक, विमान, हॉटेल, जेवण सगळं 'प्रायोजित'. दुसरा पर्याय 'स्वखर्च': ३,१०,००० आपण भरायचे, मग टार्गेट नाही, जमेल तेवढं जमवा. मी अर्थातच पहिल्यावर खूण केली. दुसऱ्यांच्या ताळेबंदात सात पैशांचा फरक सापडला की संध्याकाळी उशिरापर्यंत बसणारी बाई मी, पण स्वतःच्या सहीखालची सहा पानं वाचली नाहीत. सूर्योदयाचे फोटो फार चांगले होते.

देणगी मागणं हे डोंगरापेक्षा अवघड आहे असं आता मी अधिकाराने सांगू शकते. गणपतीत सुरुवात केली. आरतीनंतर प्रसाद वाटताना सगळे सापडतात. पहिला प्रश्न ठरलेला: "तू डोंगर चढणार, मग मी पैसे का द्यायचे?" याला उत्तर नाही. म्हणजे आहे, पण ते इंग्रजांच्या देशात चालतं. आपल्याकडे वर्गणी देवाची असते, नाहीतर मयताची. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी हा प्रश्न विचारला, पत्रक घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि पितृपक्षात दार वाजवून १,१०० रुपये आणून दिले. वडिलांच्या तिथीला यंदा जेवणावळ नको, हे त्या पोरांना द्या, म्हणाले. डोंगराचं त्यांनी तेव्हाही काही विचारलं नाही.

ऑफिसात मात्र 'आफ्रिका' शब्दाने काम केलं. पत्राला दोनशे रुपये देणाऱ्या माणसाने या वेळी दोन हजार दिले आणि वर "सिंहाने खाल्लं तर परत मागणार नाही" असंही म्हणाला. मग ८०जीचे, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीचे प्रश्न. निम्म्या लोकांनी नवी करप्रणाली घेतलेली, त्यात ८०जीची वजावट मिळतच नाही, हे त्यांना मीच सांगितलं. पावत्या नको म्हणत त्यांनी पैसे दिले, हे विशेष. रोख २,०००च्या वर घेतली नाही, कारण त्यावर वजावट बसत नाही. अमेरिकेतल्या भाच्याला पाचशे डॉलर पाठवायचे होते, पण तो आता तिथला नागरिक, म्हणजे ते पैसे परदेशी देणगी, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची एफसीआरए नोंदणी हवी, आणि त्यासाठीचं खातंही दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच लागतं. आमच्या छोट्या संस्थेकडे यातलं काहीच नाही. पाचशे डॉलर राहिले. दुबईतली मैत्रीण भारतीय पासपोर्टवर आहे, तिचे चालले. हे सगळं मला ठाऊक होतं म्हणून निभावलं. कंपनीच्या 'फंडरेझिंग किट'मध्ये यातली एक ओळ नव्हती. तिथे होतं काय, तर 'तुमची कहाणी मनापासून सांगा' आणि रंगीत पोस्टर.

कंपनीने एका ऑनलाइन पोर्टलवर माझं पान करून दिलं होतं. त्यावर देणगी भरताना खाली पोर्टलसाठी 'टिप' आपोआप चढते, ती आपण हाताने शून्य करावी लागते. आमच्या मोठ्या जाऊबाईंनी ५,००० दिले आणि खात्यातून साडेपाच हजार गेले, तेव्हा कळलं. तेव्हापासून प्रत्येकाला फोनवर "थांबा, खाली बघा, तो पट्टा मागे सरकवा" असं सांगत बसले.

आता कलम अकरा.

आमच्याकडे नवरात्र पाळतात, त्यामुळे दसऱ्यानंतरच्या बुधवारी बऱ्याच दिवसांनी मासळीला गेले. माझी नेहमीची मावशी गेली वीस वर्षं त्याच कोपऱ्यात बसते. तिने गणपतीत २०० रुपये दिले होते, मी न मागता. पोरांना कॅन्सर होतो हे ऐकून कनवटीची नोट काढून दिली होती. बांगडे साफ करता करता म्हणाली, "बाय, तुजं इमानाचं तिकीट कोन काढतं?"

मी म्हटलं, कंपनी.

"कंपनी कशाला काढंल? कंपनीची तू कोन?"

बांगड्याचं डोकं उडवून तिने पुढचा घेतला. तिच्या दृष्टीने विषय संपला होता. मी घरी येऊन फ्रीजमध्ये पिशवी टाकली आणि हात न धुता करार उघडला. पान चार, कलम अकरा: 'संकलित निधीतून सहभागीचा प्रत्यक्ष सहल खर्च वळता करून उर्वरित रक्कम संस्थेस अदा करण्यात येईल.' प्रत्यक्ष खर्च कुठे लिहिलाय? परिशिष्टात. ३,१०,०००. म्हणजे सहा लाखांतले संस्थेला २,९०,०००. प्रत्येक शंभरातले बावन्न रुपये माझ्या चढाईचे. मावशीच्या दोनशेतले एकशे तीन.

तोपर्यंत ६१ जणांकडून १,८४,००० आले होते. प्रत्येकाला मी तोंडाने सांगितलं होतं की सगळे पैसे पोरांना जाणार.

फोन केला. तोच उत्साही मुलगा. "मॅडम, जगभर असंच चालतं." हे खरं आहे, आणि म्हणूनच लिहितेय. बाहेरच्या देशांत अशा ट्रेकचे दोन्ही प्रकार उघड चालतात, आणि टार्गेटमधून सहलीचा खर्च निघतो यावर तिथेही वर्षानुवर्षं वाद आहेत. पण निदान देणाऱ्याला ते आधी सांगावं एवढा संकेत आहे. आमच्या पोस्टरवर 'तुमचा प्रत्येक रुपया एका मुलाच्या उपचाराकडे' असं छापलं होतं. मी विचारलं, जे पैसे माझ्या विमानात जाणार त्याची पावती संस्था देणगी म्हणून कशी फाडणार? तो म्हणाला, सीएंना विचारून सांगतो. अजून विचारतोय.

पर्याय बदलून 'स्वखर्च' करा म्हटलं, तर ५,००० रुपये बदल शुल्क, आणि नोंदणीचे २०,००० वेगळेच. इथे मी ऑडिटवाली झाले. चार ईमेल, पोस्टरचा फोटो, कलम अकरा आणि त्याखाली पोस्टरची ओळ शेजारी शेजारी. नवव्या दिवशी उत्तर आलं: शुल्क माफ, नोंदणीची रक्कम खर्चात वळती. याचे गुण मी त्यांना दिलेले आहेत.

मग ६१ जणांना मेसेज टाकला. काय चुकलं, किती रक्कम कुठे जाणार होती, आता कुठे जाणार. एकाने पाच हजार परत मागितले, ते मी माझ्या खात्यातून दिले. बाकीच्यांनी 'ठीक आहे'चा अंगठा पाठवला. दोघांनी आणखी पाठवले. घरी प्रश्न होता पैशांचा. स्वयंपाकघराचा ओटा बदलायला एक रिकरिंग चालू होतं, ते मोडलं. नवरा ओट्यावर हात फिरवून म्हणाला, "कडप्पा आहे, अजून दहा वर्षं काही होत नाही." नंतर महिनाभर चहा करताना तो कडप्प्याशी आदराने वागत होता.

ज्यांना आकडे हवेत त्यांच्यासाठी: ३,१०,०००वर ५ टक्के जीएसटी, आणि परदेशी टूर पॅकेज म्हणून त्यावर तेव्हाच्या दराने ५ टक्के टीसीएस (कंपनीने आधीच कापून घ्यायचा आयकर), मिळून ३,४१,७७५. टीसीएसचे सोळा हजार रिटर्न भरताना मिळतात, विसरू नका. व्हिसा ५० डॉलर, ऑनलाइन. यलो फीव्हरची लस घ्यायला लावतात, ती निघण्याच्या किमान दहा दिवस आधी. विमा घेताना अटी वाचा (मी सांगतेय हे!). साध्या प्रवासी पॉलिसीत एवढ्या उंचीवरची चढाई धरत नाहीत, ६,००० मीटरपर्यंत लिहिलेली हवी. ३,१०,००० जास्त आहेत का? मी मोडून पाहिलं. किलिमांजारोच्या राष्ट्रीय उद्यानाची फीच जबर आहे: दिवसाला ७० डॉलर, तंबूचे रात्रीला ५०, बचाव शुल्क २०, वर १८ टक्के व्हॅट. सात दिवसांचे साडेनऊशे डॉलर, म्हणजे ८०,०००च्या वर. विमान अदिस अबाबामार्गे ५८,०००. उरलेल्यात हॉटेल, जेवण, माणसं आणि त्यांचा नफा. महाग आहे, लूट नाही.

सरावाचं मात्र छान केलं. दोन रविवार कंपनीने नेलं, एकदा बारीहून कळसूबाई, एकदा हरिश्चंद्रगड. बाकी आपापलं. मी आमच्या बिल्डिंगचे चौदा मजले, पाठीवर पाच-पाच लिटरचे दोन तेलाचे डबे पाणी भरून, आठवड्यातून चार वेळा. लिफ्टमन रोज विचारायचा, "बंद आहे का लिफ्ट?" कळसूबाई १,६४६ मीटर, महाराष्ट्राचं टोक. किलिमांजारोच्या माचामे मार्गाचा ट्रेक जिथे सुरू होतो ते गेटच १,८०० मीटरवर आहे. आपलं शिखर संपतं त्याच्या वर यांचं तिकीटघर.

गेटवर वजनकाटा असतो. पोर्टरच्या पाठीवर २० किलोच्या वर चालत नाही, उद्यानाची माणसं पोती टांगून मोजतात. आम्ही अकरा जण, आमच्यासाठी अडतीस माणसं. तंबू, टेबल, खुर्च्या, गॅस, अंडी, सगळं डोक्यावर आणि खांद्यावर. कंपनीने तिथली जी स्थानिक संस्था घेतली होती ती पोर्टरांच्या मजुरीवर लक्ष ठेवणाऱ्या 'किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट'च्या यादीत होती. हे मी निघण्यापूर्वी तपासलं होतं, आणि साडेचार गुणांमधला एक पूर्ण गुण याचा आहे. पुण्याकडच्या मुंबईकडच्या पोरांना हजार-दीड हजार स्वस्तात पडलं म्हणून यादीबाहेरच्या कंपन्या घेताना पाहिलंय. ते हजार-दीड हजार कोणाच्या तरी जेवणातून आलेले असतात.

पहिला दिवस जंगल आणि चिखल. दुसऱ्या दिवशी शिरा कॅम्प, ढगांच्या वर. तिसरा दिवस मुद्दाम त्रासाचा: लाव्हा टॉवर ४,६०० मीटरपर्यंत चढवतात आणि झोपायला साडेसहाशे-सातशे मीटर खाली बरांको कॅम्पला आणतात. शरीराला उंची दाखवून परत घ्यायची. लाव्हा टॉवरला माझं डोकं असं धरलं की डबा उघडून समोर ठेवला तरी नको. बोटाला लावायच्या यंत्रात ऑक्सिजन ८१. उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्स गोळ्यांनी बोटांना मुंग्या येत होत्या आणि रात्री चार चार वेळा उठावं लागत होतं. गाईड सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाचा आकडा वहीत लिहायचा, जेवलात का, किती, हेही. ती वही मला फार आवडली. ठाण्याच्या एका सोबत्याचा आकडा पाचव्या दिवशी बराफू कॅम्पला घसरला, चालताना पाय वाकडा पडायला लागला, तेव्हा गाईडने वाद न घालता एक माणूस बरोबर देऊन त्याला तासाभरात खाली पाठवलं. "सहा लाख जमवलेत मी," तो म्हणत होता. गाईडला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं, आणि ते योग्यच होतं.

जेवण चांगलं. संध्याकाळी तंबूत शिरलं की चहा आणि पॉपकॉर्न. ४,००० मीटरवर ताजे पॉपकॉर्न! गाजराचं सूप, आल्याचं सूप, भात, भाजी, चपाती. चपातीला तिथेही चपातीच म्हणतात, चहाला चाय. दुकान म्हणजे दुका, विमा म्हणजे बिमा, गाडी म्हणजे गारी, आणि पैसा म्हणजे पेसा. तिसऱ्या दिवसापासून स्वयंपाक्याशी माझं बरं जमलं. त्याला मेतकूट-भात खायला घातला, त्याने बोट चाटून पाहिलं आणि सूपमध्ये घालू का विचारलं. घाला म्हटलं. घालायला नको होतं.

दोन तक्रारी डोंगरावरच्याही आहेत. मोशी गावात भाड्याने दिलेल्या स्लीपिंग बॅगची चेन गुडघ्यापाशी अडकत होती, आणि उणे दहाला गुडघा ही फार महत्त्वाची जागा असते. पहिल्या रात्रीनंतर सेफ्टीपिनांनी भागवलं. (मंगळसूत्राला नेहमी दोन अडकवलेल्या असतात. आमच्या आईची शिकवण.) दुसरी तक्रार टिपची. माहितीपत्रकात 'ऐच्छिक' लिहिलंय. चौथ्या रात्री ग्रुप लीडरने सांगितलं, प्रत्येकी २५० डॉलर. तिथल्या रिवाजाप्रमाणे ही रक्कम बरोबरच आहे, त्यांच्या कमाईचा तो मोठा भाग असतो. मग मुंबईतच सांगा ना. दोघांकडे डॉलरच नव्हते, मी शंभर उसने दिले. शेवटच्या सकाळी मात्र आम्ही आग्रह धरला की पाकीट मुख्य गाईडच्या हातात न देता कोणाला किती हे सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं. वाचलं. मागच्या रांगेतला सतरा-अठरा वर्षांचा वाटावा असा एक पोर्टर आपला आकडा ऐकून शेजाऱ्याकडे बघून हसला. त्याच्या पायातले बूट दोन वेगवेगळ्या जोड्यांचे होते.

शिखराच्या रात्रीबद्दल सगळेच लिहितात, मी थोडक्यात आवरते. बराफूहून रात्री बाराला निघालो. बराफू म्हणजे बर्फ, सरळ आपलाच शब्द. 'पोले पोले' म्हणजे हळू हळू, आणि हळू म्हणजे किती, तर पालखीतली माणसं आमच्यापुढे धावतायत असं वाटेल. एक पाऊल, एक श्वास. वर बघायचं नाही, कारण वर बघितलं की पुढच्यांच्या डोक्यावरचे दिवे तारे आहेत की माणसं ते कळत नाही. नळीतलं पाणी गोठलं. साडेसहाच्या सुमाराला स्टेला पॉइंट, तिथे उजाडलं. आणखी तासाभराने उहुरू शिखर, ५,८९५ मीटर. उहुरू म्हणजे स्वातंत्र्य. मी रडले वगैरे नाही. मला फक्त खाली बसायचं होतं आणि बसायला जागा नव्हती, कारण फोटोची रांग होती.

रांगेत कंपनीचं बॅनर उलगडलं. सहा फुटी. मधोमध कंपनीचं नाव, खाली एका बॅटरी कंपनीचं नाव, आणि उजव्या कोपऱ्यात, माझ्या तळहाताएवढं, संस्थेचं चिन्ह. वाऱ्याने तोच कोपरा दुमडत होता. माझ्या फोटोत मी एका हाताने तो कोपरा धरून वाकलेली आहे. आफ्रिकेच्या टोकावर उभी असल्यासारखी दिसतच नाही, वाळत घातलेली चादर आवरतेय असं वाटतं.

शेवटचा हिशेब. एकूण जमले ४,१२,३५०. त्यातले २,३८,००० पोर्टलवरून, त्यावर तीन टक्के आणि त्याचा जीएसटी कापून २,२९,५७५ पोचले. १,७४,३५० चेकने आणि यूपीआयने थेट संस्थेच्या खात्यात, पूर्ण. म्हणजे संस्थेला ४,०३,९२५. माझा स्वतःचा खर्च, बूट-जॅकेट धरून, चार लाखांच्या आसपास.

आता तुम्ही म्हणाल, आणि माझी बहीण म्हणालीच, की हे चार लाख सरळ संस्थेला दिले असतेस तर? बरोबर आहे. पण मी ते दिले नसते, ओटा केला असता. मुंबई मॅरेथॉन का नाही धावलीस, असंही विचारलं. तिथेही संस्थांसाठी पैसे जमवता येतात, आणि बेस्टच्या बसने जाता येतं. ते खरंच स्वस्त आणि सरळ आहे. माझे गुडघे चढतात, धावत नाहीत, एवढंच. आणि ते २३,००० आठवा. तीच संस्था, तीच मी, बरीचशी तीच माणसं. आफ्रिका मध्ये आली आणि चार लाख झाले. लोकांना पोरांची दया नव्हती असं नाही. त्यांना रोज त्याच फुटपाथवरून जायचं असतं, आणि रोजच्या गोष्टीसाठी खिशात हात जात नाही. कोणीतरी काहीतरी वेडेपणा करतंय म्हटलं की थांबून ऐकतात. म्हणून या योजनेला सरसकट भंपक म्हणणार नाही. मला जायचं होतं, मी माझ्या पैशाने गेले. पैसे पोरांचे होते, ते त्यांना गेले. ही दोन पाकिटं एकत्र करण्याची सोय कंपनी देते, ती घेऊ नका. घ्यायचीच असेल तर पोस्टरवर तसं छापा आणि मग किती जमतात ते बघा.

जाणार असाल तर सही करण्याआधी तीन कागद मागा: देणग्या कोणाच्या खात्यात येतात ते, त्यातून काय काय वळतं होतं ते, आणि तुम्ही आजारी पडून गेलाच नाहीत तर जमलेल्या पैशांचं काय होतं ते. तिसरा कागद माझ्याकडेही अर्धाच आहे. ठाण्याच्या त्या सोबत्याने प्रायोजित पर्याय घेतला होता. शिखर झालं नाही तरी त्याच्या देणगीदारांचे तीन लाख दहा हजार वळते झालेच.

८०जीचे १०बीई दाखले संस्थेने मेच्या अखेरीस, मुदतीत पाठवले. मावशीकडे पॅन नाही, तिला साधी पावती हवी होती. रविवारी घेऊन गेले. तिने ती न वाचता पैशाच्या डब्यात नोटांखाली सारली आणि फोटो दाखव म्हणाली. बॅनरचा दाखवला, तिला त्यात रस नव्हता. मग शिखराजवळच्या हिमनदीचा दाखवला, निळसर पांढरी भिंत, ऐन विषुववृत्ताजवळ. म्हटलं, १९१२पासून यातला ऐंशी टक्क्यांवर बर्फ गेलाय, उरलाय तोही वितळतोय.

मावशीने फोन जवळ नेऊन नीट पाहिला. समोर तिच्या पापलेटांखालची बर्फाची लादी निम्मी झाली होती.

"उगडा ठेवलाय तर जानारच," म्हणाली. "गोनपाट टाकाया सांग."